झुलीखालचा पोचा

तीज बुडवायच्या दिवशी नायकाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते, हे तांड्यातलं शेंबडं पोरगंही सांगेल. मांडवात टोपल्यांमधून तीज, म्हणजे गव्हाचे हिरवेगार कोंब, वाऱ्यावर डुलत होते, तांड्यातल्या लग्नाच्या वयाच्या पोरी त्यांच्याभोवती फेर धरून गात होत्या आणि चुलीपाशी चुरम्यासाठी गूळ फुटत होता. शंकरसिंग नायकाचं, तांड्याच्या प्रमुखाचं, मात्र यातल्या कशाकडंच लक्ष नव्हतं. त्याची नजर निंबाखाली उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीवर आणि गाडीच्या पाठीवर टाकलेल्या झुलीवर खिळली होती. वारा आला की झूल हलायची, आणि झूल हलली की नायकाचं काळीज लकलक करायचं.

झूल साधीसुधी नव्हती. पणजोबाच्या वेळची, आरशांची आणि कवड्यांची. शंकरसिंगचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखांतून फिरायचे, तेव्हा लदणीच्या सगळ्यांत पुढच्या बैलावर ही झूल असायची. लदणी गेली, बैल गेले, तांडा बोरी अरबच्या बाजूला शेती करत स्थिरावला. झूल तेवढी मानीबाईच्या पेटीत राहिली. ती आज नातीच्या गाडीवर दिसताच आल्यागेल्यानं तोंडात बोट घातलं.

"वा नायक! नातीच्या गाडीले पुढच्या बैलाचा मान देल्ला तुमी!"

मानीबाईच्या तर डोळ्यांना पाणीच आलं होतं. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याला एवढं हळवं होताना तिनं पाहिलंच नव्हतं. तिला बिचारीला काय ठाऊक, की झुंजूमुंजू व्हायच्या आत नायकानं आणि त्याच्या थोरल्या लेकानं, बाबूसिंगानं, ही झूल गाडीवर टाकली ती मानासाठी नव्हे. झुलीखाली परातीएवढा पोचा होता.

झालं होतं ते असं. वैष्णवी, म्हणजे धाकट्या सुनीलची लेक, डोळे तपासायचं शिकून यवतमाळात नोकरीला लागली होती. चष्म्याच्या काचांची पेटी घेऊन गावोगाव शिबिरं घ्यायची. एसटीत त्या पेटीला सारखे धक्के बसायचे, शिवाय शिबिराच्या गावाला एसटी जाईलच याची खात्री नाही. म्हणून पोरीनं लायसन काढलं, पगारातून पै पै साठवली आणि कळंबच्या यज्ञेश्वर गुरुजींची जुनी गाडी घेतली. गुरुजींचं घर तीन पिढ्यांचं नोकरदार. गाडी वापरली ती अशी, की सीटवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच. गाडी तांड्यात आली तेव्हा सगळ्यांनी ओवाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरी टोपल्यांना पाणी घालायला विहिरीवर गेल्या आणि बाबूसिंगानं खुंटीवरची चावी काढून बापाच्या कानाशी वाजवली.

"बा, एक चक्कर?"

"कायले बे? पोट्टी बोंब मारन."

"तिले समजते कायले? तुमी समोर बसा, म्या चालवतो. नायक मानूस समोर बसला म्हणजे कसं शोभते!"

शंकरसिंग आयुष्यभर बैलगाडीत बसला, एसटीत बसला, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर तर जीव मुठीत धरून बसला. पण घरच्या गाडीत पुढच्या सीटवर, काच खाली करून, कोपर बाहेर काढून? छे. मोह कोणाला चुकला आहे! बसला. डांबरी सडकेपर्यंत जाणं झक्क झालं. येताना तांड्याच्या वेशीपाशी बाबूसिंगाला गाडी उलटी घ्यायची हुक्की आली, आणि त्यानं ती थेट बोर्डावर नेऊन आदळली. 'तांड्यात आपले स्वागत आहे' असं लिहिलेल्या आणि खाली 'नायक : शंकरसिंग' असं मोठ्या अक्षरांत रंगवलेल्या बोर्डावर.

बोर्ड एका अंगाला कलला. शेजारी हिरासिंगचा बैल शांतपणे रवंथ करत उभा होता. थोड्या वेळानं माणसं जमली तेव्हा गाडी घरी पोचून भिंतीकडं पाठ करून उभी होती आणि बाबूसिंग हात कमरेवर ठेवून बोर्डाकडं बघत म्हणत होता, "हिरासिंगच्या बैलानं शिंग मारलं असन. दुसरं कोन मारते?"

सगळ्यांनी नायकाकडं पाहिलं. नायकानं तिथंच खरं बोलायला हवं होतं; तो खोकला. तांड्यात नायकाचा खोकला म्हणजे होकार. झालं! तीज बुडवायच्या आधी तांड्याची पंचायत, म्हणजे नसाब, बसेल आणि बैलापायी हिरासिंगला दंड होईल, असं दुपारपर्यंत घरोघर झालं. त्या रात्री शंकरसिंगला भाकर गोड लागली नाही.

आणि आज ही विम्यावाली पोरगी आली होती.

"आजोबा, नमस्कार!" गुंजननं स्कुटी निंबाखाली लावली आणि वाकून पाया पडली. ती यवतमाळची, वैष्णवीच्या कॉलेजातली मैत्रीण; आता विम्याचं काम करायची. तीज बघायला ये आणि विम्याचंही करून टाक, असं वैष्णवीनंच तिला सांगितलं होतं. "अगं बाई, काय झूल आहे! फोटो काढू?"

"काढ न," मानीबाई म्हणाली.

"लांबून काढ," नायक घाईनं म्हणाला.

मंडळी ओट्यावर बसली. चहा फिरला. थोरली सून हंसाबाई गूळ फोडता फोडता उंबऱ्याशी येऊन टेकली, धाकटी संगीता तिच्या आडोशाला. संगीता म्हणजे वैष्णवीची आई. बाप सुनील एसटीचा ड्रायव्हर, आज ड्यूटीवर. आणि ड्यूटीवर असला की तो फोन उचलत नाही, भले आभाळ कोसळो.

"तर असं आहे," गुंजन म्हणाली, "गाडी आरटीओत वैष्णवीच्या नावावर झाली, पण विमा अजून गुरुजींच्याच नावावर आहे. तो हिच्या नावावर करायचा."

"आन् पैसे?" बाबूसिंगानं विचारलं.

"थोडे वाढतील. गुरुजींनी कित्येक वर्षांत एकदाही कंपनीकडून भरपाई मागितली नाही, म्हणून त्यांना जवळपास निम्मी सूट होती. ती सूट वैष्णवीला मिळत नाही."

"काहून नाई? गाडी तेच हाये न?"

"सूट गाडीची नसते काका, माणसाची असते."

शंकरसिंगनं मान डोलावली. "म्हणजे गुरुजीचं पुण्य गुरुजीपाशी. बराबर हाये. पुण्य का टायरासंगं विकते कोनी?"

"मंग राहू द्या न गुरुजीच्याच नावानं!" बाबूसिंग एकदम पुढं सरकला. "कायले बदलता? चालू हाये, सस्तं हाये. गुरुजी बिचारा देवमानूस, तो का नाई म्हनते?"

वैष्णवी टोपल्यांना पाणी घालून आली होती. पायातल्या चिखलासकट ओट्याच्या कडेवर बसली होती. "मोठे बाबा, उद्या कोनाले धक्का लागला तर कंपनी म्हनन, हे वैष्णवी कोन? आमी तं गुरुजीले ओळखतो. मंग मी कोनाच्या दारात जाऊ?"

"धक्का लागतेच काहून?"

हे ऐकून नायकाला ठसकाच लागला. मानीबाईनं त्याच्या पाठीवर हात फिरवला.

आता संगीताला राहवेना. पण जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलायची रीत नाही, म्हणून ती हातभर अंतरावर बसलेल्या बाबूसिंगाला सोडून हंसाबाईला म्हणाली, "बाई, तुमच्या मानसाले सांगा, पोट्टीची गाडी हाये. तिच्या नावानं कागद नसन तं मंग थे गाडी कायची?"

"ऐकलं का जी?" हंसाबाईनं नवऱ्याकडं मान वळवली.

"हंसा, तिले सांग, वाचले पैसे तं पोट्टीचेच वाचतीन."

"ऐकलं का व?" हंसाबाई जावेकडं वळली. आणि मग स्वतःच्या मनानं म्हणाली, "हे मात्र बराबर बोलले. पैसा का झाडाले लागते?"

संगीताचा चेहरा उतरला. थोरली जाऊ आपल्या बाजूनं बोलेल असं तिला वाटलं होतं. बाबूसिंगाला चेव चढला. तो म्हणाला, "नाईतं महया नावानं करा. मिशी फुटली तवापासून जीप चालवतो म्या. एक क्लेम घेतला नाई! मले तं गुरुजीपेक्षा बी मोठी सूट भेटन."

"खरंच?" गुंजननं फोन काढला. "जीपचा पूर्ण विमा होता का काका?"

"थर्ड पार्टी."

"फक्त?"

"पोलिसांले तेवढाच लागते."

"मग सूट नाही काका. दुसऱ्याच्या नुकसानीपुरता जो विमा असतो, त्यावर ती जमतच नाही."

पोरी फिस्सकन हसल्या. फेर सोडून कधी ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. एवढ्या वर्षांचं पुण्य असं फुस्स झालेलं पाहून बाबूसिंग मिशी चाचपत मागं सरकला.

"कमी कसं होईल ते मी सांगते," गुंजन वैष्णवीकडं वळली. "मी चार ठिकाणी विचारून ठेवलंय. नको ती जादाची कलमं काढली. आणखी एक करता येतं. लहानसहान ठोकाठोकीचा खर्च तू स्वतः करायचा, मोठं काही झालं तर कंपनी. असं लिहून दिलं की हप्ता तुझ्या आवाक्यात बसतो. पण गाडी जपून चालवणाऱ्यालाच ते परवडतं. चावी कोणाकोणाच्या हातात असते?"

"महया एकटीच्या," वैष्णवी म्हणाली. मागं वळून अंगणभर बसलेल्या माणसांकडं तिनं पाहिलं आणि हसली. "आमच्या घरी कोनी न विचारता हात लावत नाई. दादा बसले हायेत न. दादाच्या राज्यात कोनाची हिंमत हाये?"

दादा म्हणजे आजोबा, शंकरसिंगच. त्याला वाटलं, धरणीमाय पोटात घेईल तर बरं. पोरीनं हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर सोसलं असतं. ती खरंच तसं समजत होती. सोमवारी राळेगावला तिचं पहिलं शिबिर होतं, गाडी घेऊन. सांगत होती, दादा, मी पेटी स्वतःच्या गाडीत ठेवून जाईन तेव्हा डॉक्टर लोक बी पाहतीन. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून बाजाराला जाणारी ही पोर. तिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं काही मिळत होतं, आणि ते ती त्याच्या भरवशावर लिहून द्यायला निघाली होती.

"मग झालं!" गुंजन उठली. "आता फक्त गाडीचा चारी बाजूंनी व्हिडिओ. कंपनी मागते. ती झूल जरा काढा."

बाबूसिंगानं बापाकडं पाहिलं. बापानं निंबाकडं पाहिलं.

आणि सुटका आली ती भलतीकडूनच. मानीबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "झूल नाई निघनार."

"दादी, पाच मिन्टं," वैष्णवी म्हणाली.

"पाच नाई न् एक नाई. पुढच्या बैलावर झूल चढली का मुक्कामाले पोचेपर्यंत उतरत नाई. तुया दादानं सकाळी आपल्या हातानं घातली. तीज बुडू दे, मंग काढ."

"याडी म्हनते थे खरं हाये!" बाबूसिंग आईची बाजू घेत टुणकन उठला. "रीत म्हणजे रीत! एवढ्या वर्षांनी झूल बाहेर निघाली, आन् आपन कंपनीसाठी उतरवाव? लाज वाटाले पायजे!"

हंसाबाईनं हातातली गुळाची ढेप खाली ठेवली. नवऱ्याचं डोळे बारीक करून बघणं तिला चांगलं ठाऊक होतं. पण रीतीभातीचा एवढा पुळका? हा माणूस मागच्या तीजेला मांडवात घोरत पडला होता. ती नुसती गाडीकडं आणि मग नवऱ्याकडं बघत राहिली.

"पण मला अंधाराच्या आत यवतमाळला पोचायचंय," गुंजन अवघडून म्हणाली. "आणि आज नाही झालं तर सोमवारच्या आत विमा होत नाही."

"मंग सोमवारी गुरुजीच्या विम्यावर जाईन थे! एक दिवसानं का होते?" बाबूसिंग म्हणाला.

सगळे बोलायला लागले. कोणी रीतीच्या बाजूचं, कोणी पोरीच्या. तेवढ्यात वेशीकडून घुंगरं वाजली आणि हिरासिंग आला. धुतलेलं धोतर, खांद्यावर उपरणं, आणि मागं दाव्याला त्याचा बैल. बैलालाही त्यानं आंघोळ घातली होती. सुनावणीला न्यायचा म्हणून.

"नायक, रामराम," हात जोडून तो म्हणाला. "नसाब बसायच्या आंदीच सांगतो जी. महा बैल गरीब हाये. त्यानं आजपर्यंत कुत्र्याले बी शिंग लावलं नाई. पन तुमी मनलं असन तं मंग मारलंच असन. दंड सांगा, देतो."

बैलानं मान हलवली. घुंगरं वाजली.

वैष्णवी नायकासमोर आली. "दादा, तुमीच सांगा आता. झूल काढू का नको? तुमी म्हनान थे. मी गुरुजीच्या कागदावर जाईन, नाईतं एसटीनं जाईन, पन तुमच्या शब्दाच्या बाहेर नाई."

किती सोपं होतं! नुसतं खोकलं तरी भागलं असतं. समोर हिरासिंगचे हात जोडलेले, बायको रीतीची ढाल घेऊन उभी, लेक मागून डोळ्यांनी खुणावतोय. शंकरसिंगनं घसा खाकरला. आणि स्वतःचाच तो खाकरा ऐकून त्याला स्वतःची अशी काही चीड आली, की तो ताडकन उठला, पागोटं सावरलं, गाडीपाशी गेला आणि दोन्ही हातांनी झूल ओढून काढली.

आरसे खळाळले. पोचा उन्हात लख्ख दिसला. पोच्यात बोर्डाचा हिरवा रंगही लागलेला होता.

"अव माय!" संगीता म्हणाली.

"हिरासिंग," नायक म्हणाला, "तुया बैलानं बोर्डाले हात लावला नाई. शिंग बी लावलं नाई. बाबू गाडी चालवत होता, म्या समोर बसलो होतो. कोपर बाहेर काढून. पोट्टीले न विचारता गेलतो. बोर्ड आमी पाडला, आन् खोकलो म्या. झूल बी मानाची नाई, लपवाची हाये." मग तो वैष्णवीकडं वळला, पण तिच्याकडं बघणं त्याला जमेना. "माय, दादाच्या राज्यात दादाच चोर निघाला व."

हिरासिंगनं आधी नायकाकडं पाहिलं, मग बैलाच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणाला, "ऐकलं का रे? सुटला तू!"

आधी हंसाबाई हसली. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, मग गुडघ्यावर हात मारून. तिच्यामागं संगीता, पोरी, अख्खं अंगण. "म्हनून रीत आठवली व यांले!" हंसाबाई धापा टाकत म्हणाली. "या मानसाले बोर्ड दिसला नाई, नायकाच्या नावाचा! परवा शेजारच्या म्हशीच्या वगारीले म्हनत होते, या, बसा, चहा घ्या!" आणि मग संगीताचा हात धरून ठणकावून म्हणाली, "पोट्टीच्या नावानंच होईन विमा. म्या सांगतो. पैसा झाडाले नाई लागत, पन मानूस बी झाडाले नाई लागला पायजे!"

संगीताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जेठाला थेट न बोलायची रीत ती त्या भरात विसरलीच. "भासरे, चष्मा घ्या आता!" ती म्हणाली, आणि जीभ चावली.

"मले नंबर नाई!" बाबूसिंग ओरडला. "वैष्णवीनंच तपासले न? बराबर सांगितलं सगळं!"

वैष्णवी अजून हसली नव्हती. ती पोच्यावरून हात फिरवत होती. नायकाचा जीव टांगणीला लागला. मग ती एकदम गाडीची डिक्की उघडून तपासणीचा तक्ता घेऊन आली. वाचता न येणाऱ्यांसाठी असतो तो. दाते वर, खाली, डावी, उजवी केलेल्या फण्यांसारखी चिन्हं. तक्ता तिनं निंबाला टांगला.

"सांगा मोठे बाबा."

"उजवी, वर, डावी, खाली, वर, उजवी," बाबूसिंगानं एका दमात सांगितलं आणि मिशीवर ताव दिला.

"मोठे बाबा, तक्ता उलटा लावला मी."

तांड्याची तपासणी मागं याच अंगणात, बाबूसिंगाच्या समोर झाली होती. दिवसभर लोकांचं ऐकून ऐकून त्यानं तक्ता पाठ केला होता! एवढा हशा झाला की मांडवातल्या पोरींनी टोपल्या सावरल्या. आता वैष्णवीही हसली, आणि ती हसली तेव्हा कुठं नायकानं श्वास सोडला.

"नसाब बसवा," नायक म्हणाला. "पन म्या आज नायक नाई. ज्याच्यावर खोटा आळ आला, त्यानं दंड सांगाव. हिरासिंग, वर बस."

हिरासिंग नको नको म्हणत ओट्यावर नायकाच्या जागी बसला. बैल खाली. थोडा विचार करून म्हणाला, "बाबूभाऊनं बोर्ड सरळ कराव, पोचा सुधरवून द्याव आन् चष्मा लावाव. चावी पोट्टीपाशी. ज्याचे डोये तपासले नाई, ज्यापाशी लायसन नाई, त्यानं चावीले हात लावला तं अख्ख्या तांड्याले चुरमा त्याच्या घरचा." मग तो गुंजनकडं वळला. "बाई, पोट्टीले सूट कवा भेटते?"

"वर्षभर काही भरपाई मागितली नाही की पहिली सूट. मग दरवर्षी वाढत जाते."

"मंग नायकाले बी वर्षभर दंड," हिरासिंग म्हणाला. "नायकानं वर्षभर समोर बसू नये. मागं बसाव."

शंकरसिंगचा चेहरा उतरला, हे खोटं कशाला सांगा. पैशाचा दंड परवडला असता. पण तो खाली वाकला आणि म्हणाला, "कबूल."

गुंजननं गाडीचा व्हिडिओ केला, पोच्यासकट. हा पोचा जुना म्हणून लिहिला जाईल, याची भरपाई कंपनी देणार नाही, एवढंच. बाकी काही अडत नाही, तिनं सांगितलं. मग फोन हातात धरून तिनं वैष्णवीला हळूच विचारलं, "ते लहान ठोकाठोकीचं काय करू? आता काढून टाकू का? हप्ता वाढेल, पण..."

वैष्णवीनं अंगणाकडं पाहिलं. मोठे बाबा वैष्णवीच्या पेटीतली एक काच डोळ्याला लावून निंबाची पानं बघत होते आणि 'अरे बाप्पा, हे इतकी पानं हायेत?' असं म्हणत होते. दादा झुलीची घडी घालत होते.

"ठेव," ती म्हणाली. "परवडते."

ते नायकाच्या कानावर पडलं. त्यानं झुलीत तोंड लपवून डोळे पुसले. उघडपणे पुसले असते तरी कोणी हसलं नसतं, पण सवय.

दिवस कलला. पोरी रडत-गात टोपल्यांमधले कोंब खुडायला लागल्या. तीज बुडवायच्या आधी हे कोंब वडीलधाऱ्यांच्या पागोट्यात खोवायचे, ही रीत. आणि पहिला मान नायकाचा. शंकरसिंग खांबाला टेकून बाजूला उभा राहिला. आज आपला मान कसला! वैष्णवी मूठभर कोंब घेऊन आधी ओट्यावरच्या हिरासिंगकडं गेली, त्याच्या पागोट्यात कोंब खोवला. बैलाच्याही शिंगात एक अडकवला. मग ती खांबापाशी आली.

"दादा, वाका न. हात पुरत नाई."

तो वाकला. तिनं कोंब खोवला, नीट बसला का पाहिलं, आणि मग त्याच्या कानाशी म्हणाली, "आन् मजा आली का जी, कोपर बाहेर काढून?"

"लय," नायक म्हणाला. खोटं बोलायचा त्याला आता कंटाळाच आला होता.

तीज नाल्यात सोडून सगळे परत आले तेव्हा यवतमाळला पोचलेल्या गुंजनचा फोन आला: विमा झाला. वैष्णवीच्या नावानं, शून्य पुण्यापासून. आणि मग कोणी काही ठरवायच्या आत मानीबाई आपला आरशांचा घागरा सावरत पुढच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा. मांडीवर झूल, आता मानाची. मागं हंसाबाई, संगीता आणि खिडकीशी पागोट्यातला कोंब छताला लागू नये म्हणून मान तिरपी करून बसलेला नायक.

वेशीशी बाबूसिंग आणि हिरासिंग बोर्ड सरळ करत होते. बैल बघत होता.

"पट्टा लावा नायक," मानीबाई पुढून म्हणाली. तिला पट्टा कशाला म्हणतात हे पाच मिनिटांपूर्वी कळलं होतं.

नायकानं पट्टा शोधला, हंसाबाईनं खटकन लावून दिला. गाडी सुरू होऊन गुरगुरत होती, पण वैष्णवी हलवेना. आरशातून मागं बघत राहिली. कशाची वाट बघतेय हे शंकरसिंगला आधी समजलं नाही, मग समजलं. लदणी हलायची ती नायकाच्या एका शब्दावर. तो शब्द त्याच्या पणजोबानं रानारानांतून दिला होता. शंकरसिंगला मात्र आजवर तो कधी द्यावाच लागला नव्हता, कारण त्याच्या हयातीत तांडा जागचा हललाच नाही.

"चालो!" नायक मागून म्हणाला, आणि गाडी निघाली.